तीन पट्ट्यांचा रेडिओ

रऊफसर गेल्याची बातमी मला तीन ठिकाणांहून आली. आधी दम्मामच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर, मग चिपळूणच्या एका ओळखीच्या माणसाकडून, आणि पाठोपाठ माझ्या भाच्याकडून. तिन्हीकडे तोच मजकूर, तोच फोटो. बायकोने डोळ्याला पदर लावला आणि मी तिला म्हटलं, "थांब, रडू नकोस. या तीन बातम्या नाहीत, एकच आहे. एकाने लिहिली, बाकीच्यांनी पुढे ढकलली." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारपणात माणसाचं डोकं फिरतं तसं माझं फिरलंय, असं तिला वाटलं असणार. पण हे मला सरांनीच शिकवलं होतं... तोंडं किती आहेत ते मोजू नकोस, सगळ्यांचा कान कुठे लागलाय ते बघ. त्या शिकवणीच्या जोरावर मी थोडा वेळ त्यांना जिवंत ठेवलं. मग त्यांच्या मुलीचा, नाझनीनचा, पुण्याहून फोन आला. "चाचा, अब्बा चले गये," एवढंच ती म्हणाली. त्यावर शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

सरांना शेवटचं मी रत्नागिरीत भेटलो, त्यांच्या घरी. त्या भेटीचं मला पुढे सांगायचं आहे, आणि सांगायला जड जाणार आहे, म्हणून आधी दम्माम सांगतो.

सौदीत, दम्मामला आम्ही एका इमारतीत राहत होतो. खाली किराणा, वर आम्ही. सर इंडियन स्कूलमध्ये इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे, मी एका ट्रेडिंग कंपनीत स्पेअर पार्टच्या काउंटरवर होतो. दोघंही दाभोळ खाडीच्या अंगाचे, पण ओळख झाली ती तिकडे जाऊन. माझा थोरला भाऊ यासीन पाण्याचा टँकर चालवायचा, उत्तरेच्या वाळवंटात हफ्र अल बातिनच्या बाजूला, आणि टँकर दुरुस्तीला आणायचा झाला की माझ्या खोलीवर उतरायचा. तो आला की माझा पलंग गेला, माझा टॉवेल गेला, आणि मुख्य म्हणजे माझी झोप गेली, कारण त्याला मोठ्याने गायची हौस होती आणि गळा अजिबात नव्हता. आमचं फारसं पटायचं नाही. सरांशी मात्र त्याचं मेतकूट. "सर, तुमचा चहा म्हणजे वजू करून हातपाय धुतलेलं पाणी," असं तो त्यांच्या तोंडावर म्हणायचा आणि दोन कप प्यायचा.

इराकच्या हल्ल्यात कुवेत पडलं तेव्हा सौदीच्या पेपरांत पहिले काही दिवस त्यातलं अक्षर आलं नव्हतं. शेजारचं घर जळतंय, धूर नाकात जातोय, आणि पेपरात मात्र अमुक मंत्री तमुक मंत्र्याला भेटले. तेव्हापासून सरांनी रेडिओ काढला. जपानी बनावटीचा, शॉर्टवेव्हचा, लांब अँटेनावाला. त्याच्या काचेवर त्यांनी जखमेला लावतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन तुकडे लावले होते. एक लंडन, एक कलोन, म्हणजे जर्मनी, एक हिल्व्हर्सम, म्हणजे हॉलंड. संध्याकाळची मगरीबची नमाज झाली की आम्ही सगळे त्यांच्या खोलीत जमायचो. बायकामुलं गावी पाठवलेली. खिडक्यांना खाकी चिकटपट्ट्या, दाराच्या फटीला ओला टॉवेल, इराकने विषारी वायू सोडला तर म्हणून. सर काटा फिरवत तिन्ही स्टेशनं ऐकायचे आणि मग आम्हाला हिंदीत सांगायचे, कारण खोलीत केरळचे, हैदराबादचे लोकही असत. आम्ही त्याला सरांचं बुलेटिन म्हणायचो. त्यांचा एक नियम होता. एकच स्टेशन बोललं तर ते सांगायचं नाही. दोन बोलली तर हळू आवाजात सांगायचं. तिन्ही बोलली तर ती बातमी पक्की. "तीन देश, तीन सरकारं, तीन स्वभाव," ते म्हणायचे. "तिघं मिळून खोटं कसं बोलतील?" या नियमावर आमची अख्खी इमारत झोपायची. मी तर म्हणेन की तेव्हा आमचा अल्लावर आणि त्यानंतर सरांच्या तीन पट्ट्यांवर भरवसा होता.

युद्धाला तोंड फुटलं त्या जानेवारीत यासीन टँकर घेऊन दम्मामला आला होता. दुरुस्ती झाली, फोरमनचा निरोप आला की परत ये. नको जाऊस, असं कुणी म्हणालं असतं तर गॅरेजवाल्याला पटवून चार दिवस काढता आले असते, गाडी झाली नाही म्हणून. त्याने सरांना विचारलं, "सर, जाऊ की गाडी बिघडलेलीच ठेवू?" सरांनी त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ काटा फिरवला. तिन्ही स्टेशनं म्हणाली, उत्तरेकडच्या वाळवंटात शांतता आहे, जमिनीवर हालचाल नाही, जे चाललंय ते आकाशात. सर म्हणाले, "तिघंही शांत म्हणतात, यासीन. जा तू." यासीन म्हणाला, "यल्ला," आणि माझा टॉवेल पिशवीत कोंबून गेला.

हफ्रच्या रस्त्यावर तो मेला. बॉम्बने नाही, क्षेपणास्त्राने नाही. लष्कराच्या ताफ्यातली एक अवजड गाडी दिवे विझवून येत होती, तिच्याखाली टँकर गेला.

दफनाला मी आणि सर गेलो. कफीलकडून, म्हणजे नोकरीच्या सौदी मालकाकडून, प्रवासाचे कागद मिळवून, एका कुवेती नंबरच्या जुन्या गाडीत बसून, त्याच रस्त्याने. आणि तो रस्ता आम्ही पाहिला... संपतच नव्हत्या गाड्या. रणगाडे लादलेल्या, तेलाच्या, तोफांच्या, एकीला एक चिकटून पश्चिमेकडे निघालेल्या. आमच्या ड्रायव्हरचा एक हात स्टिअरिंगवर आणि तोंडात कलमा. कडेला चेपलेल्या पिकअप पडलेल्या, कुणी उचलायलाही आलं नव्हतं. अमेरिका आणि तिच्या साथीदारांचं अख्खं सैन्य गुपचूप एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चाललं होतं आणि ते गुपित राहावं म्हणून जगाला शांतता सांगितली जात होती. सर खिडकीला कपाळ टेकून बसले होते. एकदाच म्हणाले, "बशीर, हे कुणीच नाही बोललं रे." हफ्रला कबरीवर नाव लिहायची पद्धत नाही. माती दिली, दगड ठेवला, निघालो. त्यानंतर बुलेटिन झालं नाही. लोक येऊन दारातून परत जायचे.

सरांना सगळ्यांनी माफ केलं, हे आधी सांगून टाकतो. मी केलं, त्यात मला काही कष्टही पडले नाहीत. माझी आई गावात त्यांच्यासमोर बसून म्हणाली, "तुमी काय करनार, त्याची तेवढीच होती." मौलाना म्हणाले, अल्लाची मर्जी. इमारतीतले म्हणाले, तो असाही गेलाच असता. सर सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे, आणि प्रत्येक वेळी थोडे जास्त वाकून घरी जायचे.

लढाई संपल्यावर त्यांनी शाळा सोडली आणि चाळिशी उलटल्यावर हॉलंडच्या एका विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. लोकांनी वेड्यात काढलं. युरोपातली वर्तमानपत्रं, तिथले रेडिओ, ते कुणाच्या पैशावर चालतात, कुणाचं ऐकतात, यावर त्यांनी संशोधन केलं आणि उरलेलं आयुष्य तेच केलं. सुट्टीवर आले की आधी माझ्या आईकडे, मग स्वतःच्या घरी. मला ते समजावून सांगायचे. दक्षिणेकडच्या देशांत पेपर म्हणजे पक्षाचा माणूस. उत्तरेला सरकार पेपरला पैसे देतं आणि वर त्याच्याच शिव्या खातं. लंडनला सगळा बाजार. आणि हॉलंडात एके काळी कॅथलिकांचा पेपर वेगळा, प्रॉटेस्टंटांचा वेगळा, कामगारांचा वेगळा, रेडिओचे ताससुद्धा वाटून घेतलेले. मी म्हटलं, "म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्याची विहीर वेगळी." ते खूश झाले. "बरोब्बर. आता मी शोधतोय काय, की त्या आठवड्यात सगळ्या विहिरींत एकाच टँकरचं पाणी कसं होतं..." आणि टँकर हा शब्द तोंडातून गेल्यावर ते थांबले. मी चुलीकडे बघून चहाची चौकशी केली.

उत्तर त्यांना सापडलं होतं, आणि ते फार साधं होतं. लष्कराने मोजक्या बातमीदारांना बरोबर नेलं, त्यांचं लिखाण तपासलं, आणि तेच सगळ्यांत वाटलं. बाकीचे बातमीदार दहरानच्या हॉटेलात बसून ते वाचायचे आणि आपापल्या देशाला पाठवायचे. दहरान आमच्या इमारतीपासून अर्ध्या तासावर. म्हणजे जी बातमी आम्ही लंडन, कलोन आणि हॉलंडकडून तीनदा ऐकली आणि पक्की मानली, ती निघाली होती आमच्या शेजारच्या गावातून. सरांनी ग्रंथालयांतून त्या दिवसांचे पेपर काढून वाचले, सात-आठ भाषांतले, स्वतःला येत नव्हत्या त्या दुसऱ्यांकडून वाचून घेतल्या. एकमेकांचं तोंड न बघणारे पेपर, आणि त्या रस्त्याच्या जागी सगळ्यांत सारखीच कोरी जागा. तिकडच्या त्यांच्या क्षेत्रात या अभ्यासाला मान मिळाला म्हणतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला एवढं कळतं की एक माणूस माझ्या भावाला आयुष्यभर शोधत होता आणि तो कुठल्याच पेपरात नव्हता.

आता माझी गोष्ट. यासीन गेला आणि मला रऊफसर मिळाले. ते दर महिन्याला फोन करायचे. माझ्या मुलीच्या लग्नात ते वडीलकीने उभे राहिले, आईच्या आजारपणात माझ्याआधी पोहोचले. यासीनने यातलं काहीच केलं नसतं, त्याला जमलंच नसतं. आणि आज मी डोळे मिटले तर यासीनचा चेहरा नीट येत नाही, त्याचा बेसूर आवाज तेवढा येतो. चेहरा येतो तो सरांचा. सख्ख्या भावापेक्षा मला तो माणूस जास्त प्रिय झाला, आणि तो मला भावाच्या मरणातून मिळाला. हे मी कुणाला बोललो नव्हतो. नमाजेत दुवा मागतानाही यासीनचं नाव नंतर येतं, आणि आलं की मान खाली जाते.

रत्नागिरीच्या त्या शेवटच्या भेटीत सर पलंगावर बसून होते, पाठीला उशी. आवाज बारीक झालेला. म्हणाले, "बशीर, त्या हॉटेलात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बातमीदाराला मी जाऊन भेटलो होतो. त्याला तो रस्ता ठाऊक होता, तो स्वतः त्यावरून गेला होता. मी विचारलं, मग नंतर तरी का नाही लिहिलंत? तो म्हणाला, नंतर कुणी विचारलंच नाही." मग म्हणाले, "मलाही सगळ्यांनी माफ केलं. विचारलं कुणीच नाही. तू विचार."

"काय विचारू, सर?"

"की मी काय ऐकलं, आणि काय ऐकून तुझ्या भावाला जा म्हटलं. हिशेब मागतात तसं विचार. तू त्याचा भाऊ आहेस."

मी म्हटलं, "सर, आता कशाला जुनं... आधी बरे व्हा, ईदनंतर येतो, तेव्हा बोलू." उशी नीट केली, त्यांचे पाय दाबले. बाहेर पडताना माझ्या मनात दया होती असं मी स्वतःला सांगितलं. दया नव्हती. भीती होती. हा माणूस माझ्याजवळ आला तो या एका ओझ्यामुळे. ते त्याने उतरवलं तर तो माझा कोण राहील, या भीतीने मी त्याला ते खाली ठेवू दिलं नाही. आजारी माणसाने एवढंसं मागितलं आणि मी ते दिलं नाही. ईद आली, मी निघायची तयारी करत होतो, आणि तेवढ्यात ते तीन मेसेज आले.

मागच्या आठवड्यात नाझनीन आमच्याकडे आली होती. दम्मामच्या शाळेत शिकलेली, तिचं मराठी तेव्हाही धड नव्हतं आणि आताही नाही. घर आवरताना निघालेला रेडिओ तिने एका दुपट्ट्यात गुंडाळून आणला होता. चिकटपट्ट्या पिवळ्या पडल्यात, एकीचं टोक सुटलंय. मी सेल घातले. मगरीब झाली होती. पहिल्या पट्टीवर काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं, दुसऱ्या दोन पट्ट्यांवर नुसती खरखर. ती स्टेशनं आता शॉर्टवेव्हवर उरली नसावीत. मी तरीही काटा पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो, सर फिरवायचे तसा.

नाझनीन माझ्या समोर जमिनीवर बसली होती. म्हणाली, "चाचा, अब्बा ने आपके भाई से क्या कहा था? घर में कोई नहीं बताता था. मैंने भी कभी पूछा नहीं."

मी तिच्याकडे बघितलं. कपाळ अगदी बापाचं आहे तिचं. बायको आतून म्हणाली, पोरीला आधी जेवू दे. मी म्हटलं, थांब जरा. मग रेडिओ बंद केला, मांडीवर घेतला, आणि यासीनने विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात केली.