भगवंतची हळदीची पानं

भगवंत माझा सख्खा धाकटा भाऊ. आणि छाती ठोकून सांगतो, आख्ख्या पालेगावात हळदीचं पान पिकवावं तर त्यानंच. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आणि वास असा की टोपात उकडायला ठेवलं तर शेजारच्या बिल्डिंगीतले सातव्या माळ्यावरून वाकून बघतात.

गावाच्या जमिनी बिल्डरकडे गेल्या, माझीपण गेली. भगवंतनं आजोबांचा पाच गुंठ्यांचा तुकडा सोडला नाय. कारण एकच. नागपंचमीला हळदीच्या पानात तांदळाचं पीठ नि गूळखोबरं दुमडून पातोल्या उकडतात, त्यांना गावात पान आमच्याच घरचं. सणाच्या आदल्या दिवशी घरटी चार पानं, फुकट. आजोबांपासूनचा मान हाय तो.

नाल्याचं पाणी कारखान्यांच्या केमिकलनं कधीच नासलं, मग बोरिंगलाही पिवळं यायला लागलं. भगवंतनं डोकं लढवलं. पत्र्याच्या पन्हळीखाली ड्रम लावले, पावसाचं पाणी साठवलं. "खालचं बाटलं तर बाटलं," तो बायकोला, चिमीला म्हणायचा, "वरचं पाणी देवाचं."

यंदा आषाढात पानांवर डाग पडले, विडीचे चटके दिल्यासारखे. त्याला वाटलं, कारखान्यांची धूळ बसली. मग रोज सकाळी फडका घेऊन तो एकेक पान ड्रमच्या पाण्यानं पुसायचा, तान्ह्या पोराचं अंग पुसावं तसं. डाग वाढतच गेले.

आठव्या दिवशी त्याच्या लेकीनं, प्राचीनं, कॉलेजातून आणलेली निळी कागदी पट्टी ड्रममध्ये बुडवली. लालभडक झाली.

"बाबा, पाऊसच आंबट आहे. धूर उतरतो त्यात. ताकाएवढं आंबट आहे हे पाणी."

"ताक पिऊन कोण मेलाय गं?"

"ते आपण पितो. पान भाजतं त्यानं."

"मग चुना टाकू?"

"मातीत टाका. भाजल्या पानाला काय करणार?"

भगवंत हातातल्या फडक्याकडे बघत बसला. पावसानं भाजलं ते भाजलं, वरून आठ दिवस त्यानं आपल्याच हातानं तेच पाणी चोळलं होतं.

सणाच्या आदल्या दिवशी तो टोपली घेऊन वाफ्यात बसला. दोनशे पानं तरी चाळली. दुमडलं की पान डागावर फाटायचं. अशात पीठ काय राहणार? दिवस मावळला तरी टोपली रिकामी. चिमी म्हणाली, "निदान घरोघर जाऊन सांगून तरी या."

"काय सांगू? दार लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कडी वाजली. दारात गयाबाई, शेजारची ऐंशीची म्हातारी. पानं मागायला आली असणार, म्हणून भगवंतनं मान खाली घातली. म्हातारीनं पदराखालून अंबरनाथच्या बाजारातनं विकत आणलेली हळदीच्या पानांची जुडी काढली, दोरा सोडला, आणि चार पानं मोजून त्याच्यापुढं धरली.

"घे रं भगवंता. पोरीला पातोल्या नको का?"

भगवंतनं दोन्ही हात पुढं केले आणि घेतली.