गुरुवारचा रस

बरणीच्या झाकणातून फुस्स असा बारीक आवाज येतो आणि दुपारची शांतता मोडते. लेकीला, रूथला, थोपटता थोपटता सुहासिनीचा हात थांबतो. रविवार, मे महिना, वीज गेलेली. ओट्यावरच्या त्या बरणीत प्रभुभोजनाचा उरलेला रस आहे. तो आंबलाय, हे तिला सकाळीच कळलं होतं.

काळे मनुके शनिवारी भिजवायचे, रविवारी पहाटे उकळून गाळायचे आणि तो रस ताजा ताजा चर्चमध्ये न्यायचा. प्रभूच्या मेजावर दारूचा थेंब यायचा नाही, म्हणून केशरबाईंनी हा नेम चाळीस वर्षं पाळला. गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या आणि काम सुहासिनीकडे आलं. लेकुरवाळीला झेपणार आहे का, असं बायका तिच्यादेखत म्हणाल्या होत्या. म्हणून रूथला ताप भरला तेव्हा तिनं गुरुवारीच रस करून ठेवला. आज सकाळी वर फेस. तिनं तो चमच्यानं काढला. चमचा रूथनं चाटला आणि तोंड वाकडं केलं. सुहासिनीनं मूठभर साखर ढवळली आणि बरणी नेली.

उपासनेत शेजारच्या दाविदनं पेला ओठाला लावला. नऊ वर्षं तो दारूला शिवला नव्हता. चव लागली तसा त्यानं पेला खाली ठेवला, आणि गीत संपायच्या आत तो उठून गेला. अजून घरी आलेला नाही. त्याची बायको दोनदा विचारून गेली. दोन्ही वेळा सुहासिनी म्हणाली, मला काही ठाऊक नाही.

डोळे जड होतात.

ओट्यापाशी केशरबाई उभ्या आहेत. झंपरवर पांढऱ्या फितीची गाठ. दारू सोडवायला फिरणाऱ्या बायकांची ती खूण; शवपेटी मिटायच्या आधी सुहासिनीनंच ती टाचणीनं लावली होती.

"बरणी घे," त्या म्हणतात.

मोरीशी दारूच्या भट्टीची गल्ली सुरू होते. केशरबाई आता तरुण आहेत, चार बायकांबरोबर बाजाच्या पेटीवर गाताहेत. माडीवरून कुणी खरकटं पाणी ओततं. त्या पदरानं तोंड पुसतात आणि पुढचं कडवं उचलतात. टेबलावर दारू सोडल्याच्या शपथेची कार्डं. गडी एकेक करून अंगठा उठवतात आणि सुहासिनीपुढे हात करतात. तिच्या हातात चर्चचा ट्रे, इवले पेले भरलेले. ती देत राहते. थांबायचं असतं, हात थांबत नाही.

शेवटचा दाविद. अंगठ्यावर शाई ओली.

"वहिनी, हा चालतो ना मला?"

ती होकारार्थी मान हलवते.

चर्चच्या पायरीवर दोघीच आहेत. केशरबाई बरणी हुंगतात. त्यांचाही एकदा आंबला होता, सांगतात. सगळा मोरीत ओतला आणि पाळकसाहेबांना म्हटलं, आज पेल्यांत पाणी घाला. बायका वर्षभर त्यांना पाणीवाली मावशी म्हणत होत्या.

"मला हसतील म्हणून भ्याले मी," सुहासिनी म्हणते.

"तू हसण्याला भ्यालीस. तिकडे दाविदला काय वाटतंय? की रस चांगलाच होता, आपली जीभच बाटली."

"कुठे आहे तो?"

"गल्लीच्या तोंडाशी बसलाय. अजून आत गेलेला नाही."

त्या फीत सोडवतात आणि तिच्या छातीशी लावू लागतात. ती मागे सरते. नको मावशी, माझी लायकी नाही.

"लायकीची नाही गं ती, कामाची आहे."

टाचणी टोचते.

वीज आलीय, पंखा गरगरतोय. गाऊनवर छातीशी रक्ताचा ठिपका, अजून ओला. सुहासिनी उठते, चपला शोधते, बरणी उचलून कडेवर घेते. दाराशी पोचते तोवर रूथ जागी होऊन मागे आलेली असते. ठिपक्याकडे बघते, मग बरणीकडे.

"आई, मी तोंड वाकडं केलं होतं ना? मग दाविदकाकांना का दिलास?"