राघूंचे कान

“बाबा, ते खाली ठेवा आधी, खाली ठेवा,” माझी पुतणी वावराच्या धुऱ्यावरून, बांधावर उभी राहून ओरडत होती. तिचे बाबा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ज्वारीच्या कडेला पाठमोरा उभा. त्याचा डावा कान कधीचाच गेलेला, आणि ही नेमकी डावीकडून ओरडत होती. त्याने प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइडचा खडा टाकला, वरून पाणी शिंपडलं आणि गॅस पेटवायच्या लायटरचा खटका दाबला.

तो आवाज सांगून पटायचा नाही. आमच्या गावी, रोहण्यात, तो झाला की वर्ध्याच्या स्टेशनात उभी असलेली मालगाडी आपल्यालाच इशारा झाला समजून निघते, असं मी पिपरी मेघेत आमच्या कॉलनीत सांगत असतो, आणि अजून कोणी ते खोटं पाडलेलं नाही. ज्वारीवरचे राघू उठले. हजार तरी असतील. भाऊ म्हणतो पन्नास, पण त्याला कुठल्याच गोष्टीची हौस नाही. सगळे पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसले आणि आमच्याविषयी बोलू लागले.

हे हत्यार आमच्याकडे रानडुकरांसाठी आलं, मग माकडांवर चाललं, मग राघूंवर. भाऊ ते डाव्या खांद्याशी धरून उडवायचा, म्हणून तो कान आधी गेला. उजव्याने अजून ऐकू येत होतं. तो तरी वाचावा म्हणून पुतणीने पुण्याहून कानावर घालायचे जाडजूड टोप आणून दिले होते. भावाने ते बुजगावण्याला घातले. तेव्हापासून आमचं बुजगावणं विमान चालवायला निघाल्यासारखं दिसतं.

पुतणी पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे आणि तिचं कामच कानावर. भाऊ गावभर सांगत फिरायचा की पोरगी कान बनवते. त्यात मी माझ्या पदरचं थोडं घातलं असेल, पण ते तर मी लग्नपत्रिकेतही घालतो.

त्या दिवशी आंब्याखाली डबा उघडून ती मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि समजावू लागली. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते. तिच्यात बारीक केसांच्या पेशी. आवाज आला की ते केस हलतात, म्हणून ऐकू येतं. असे धडाके होत राहिले की त्या पेशी मरतात. मुळात त्या घडतात आईच्या पोटात, आणि कोणत्या पेशीने काय व्हायचं हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती पेशीच्या गाभ्यात शिरून एक जनुक चालू करतात, दुसरं बंद करतात. त्यांना सोपं काय म्हणावं, तिला सुचेना. मी म्हटलं, मुकादम म्हण. कापूस वेचायला बाया आणणारा मुकादम स्वतः एक बोंड तोडत नाही, पण तो फिरकला नाही तर वावरात कोणी येत नाही.

तिला ते पटलं. एक मुकादम पेशीला सांगतो, तू केसांची हो. आणखी दोघे तिला त्या कामावर टिकवून धरतात. कान तयार झाला की पहिला गप्प होतो, आणि माणसात पुन्हा म्हणून बोलत नाही. पाखरांचं तसं नाही. त्यांच्या केसांच्या पेशी मेल्या की तो मुकादम जागा होतो, शेजारी आधाराला उभ्या असलेल्या पेशींना कामाला लावतो, आणि काही आठवड्यांत पाखराला पुन्हा ऐकू येतं.

भावाने बाभळीवरच्या राघूंकडे बोट केलं.

“म्हणजे मी त्यायचे कान फोडून राह्यलो, अन् ते नवे कान घेऊन परत येऊन राह्यले.”

ती हो म्हणाली. मला हसू आलं, पण मी ते भाकरीच्या घासाबरोबर गिळलं. भाऊही हसतच होता.

“मंग तू काऊन भेतं? तू तं कान बनवूनच राह्यली. उजवा गेला तरी तू देशीनच ना नवा. तुह्या भरवशावरच तं उडवून राह्यलो मी.”

तिच्या हातातलं डब्याचं झाकण हातातच राहिलं. आम्ही सगळे इतके दिवस त्याला हट्टी समजत होतो.

मग ती खालच्या आवाजात बोलू लागली. उंदराच्या लहान पिलांत तो पहिला मुकादम बळेच उठवला तर काही पेशी तयार होतात, पण अर्धकच्च्या. मोठ्या उंदरात तो एकटा हाका मारत बसतो, दार कोणी उघडत नाही. तिघांना मिळून उठवलं तर जरा बरं जमतं. तरी नवी पेशी पुढे नसेशी जुळायला हवी. माणसापर्यंत हे केव्हा पोचेल, तिलाच माहीत नव्हतं.

“बाबा, माह्या भरवशावर राहू नका,” ती म्हणाली. “आता तुमच्यापाशी उजवाच आहे.”

हे ती इतकं हळू बोलली की मला अर्धंच ऐकू आलं. त्याला सगळं आलं.

तो उठला, हात धुतले, पाइप उचलला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला. पिपरीला घेऊन जा म्हणाला, माळ्यावर टाक नाहीतर नालीत टाक. टोप बुजगावण्याच्याच डोक्यावर राहिले. तेवढ्यात बाभळीवरून पहिले चार-पाच राघू ज्वारीवर उतरले. त्यांच्या मागून उरलेले नऊशे पंचाण्णव.

“आता काय करशीन, भाऊ?” मी विचारलं.

“ओरडीन,” तो म्हणाला. “त्यायले ऐकू येते.”