चौकटची नव्वी

भोरला कॉलेजात शिकवत होते तेव्हापासून मी पत्त्यांतला ब्रिज खेळते. माझ्या जोडीदार बाई विंझरच्या, तिथल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. रविवारी नसरापूरला गाडी बदलून त्या माझ्याकडं येत आणि आम्ही दोघी मोबाईलवर खेळलेले डाव पुन्हा उघडून आपलं कुठं चुकलं ते शोधत बसत असू.

पुण्यातल्या एका स्पर्धेत आम्ही वरच्या जोड्यांमध्ये होतो. एका डावात समोरच्या जोडीतल्या एकानं इस्पिक खेळलं. माझ्याकडं इस्पिक उरलं नव्हतं. अशा वेळी टाकलेल्या पानाचा आमच्यात इशारा ठरलेला, ब्रिजमध्ये तसं चालतं: मोठं पान म्हणजे या रंगात माझी ताकद आहे, लहान म्हणजे नाही. चौकटमध्ये माझ्याकडं काहीच नव्हतं, दुर्री टाकायला हवी होती. पण माझं डोकं मागच्याच डावात अडकलेलं. हाताला लागली ती नव्वी टाकली. बाईंनी विश्वासानं चौकट खेळली आणि समोरच्यांचा बुडणारा डाव तरला.

“चौकट कशाला काढलीत?” मी चारचौघांत विचारलं.

“तुमी नव्वी टाकली ना?”

“दुर्री टाकली होती मी.”

पानं तोवर उचलली गेली होती. समोरचे दोघं गुण लिहीत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. बाई क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझंच बघण्यात चुकलं म्हणायचं.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पुढच्या डावाची पानं उचलली.

त्यानंतर बाईंचा खेळ बिघडला. माझं प्रत्येक पान त्या वाकून बघायच्या, तरी इशारा मानायच्या नाहीत. आम्ही हरत गेलो, आणि रविवारी त्याच स्वतःच्या चुका काढत बसायच्या. मी मान डोलवायची.

एका रविवारी त्या उशिरा आल्या. “नसरापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले हुते,” म्हणाल्या. “ते म्हणतात डोळे चांगले हायेत. मग पान वेगळं कसं दिसलं, सांगा.”

चहाचा कप हातात तसाच धरून मी सांगितलं. “नव्वीच होती, बाई. मी खोटं बोलले.”

“लई दिवस भ्याले मी,” बाई एवढंच म्हणाल्या. चहा न घेता निघाल्या. त्यांना थांबवायचं तोंड मला नव्हतं.

पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. मग आल्या त्या अट घेऊनच. “डाव संपला की आधी तुमी तुमची चूक सांगायची. माझी मी सांगीन.”

आता तसंच करतो. खेळ सुधारलाय, परवाच्या स्पर्धेत त्यांनी माझा इशारा मानून समोरच्यांचा एक अवघड डाव पाडला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. बाई हसल्या, मलाही हसू आलं. पण जिंकल्यावरही माझ्याकडं बघताना त्या किंचित थांबतात, आणि मी पानं नीट करायला खाली बघते.