शाईचं पॅड

सरांनी माझ्या आईचं मनगट धरलं आणि तिचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. विचारलं नाही. "या लोकायले सही कुठं येते," असं माझ्या वर्गातल्या मुलांना सांगत होते. मुलं हसली. आमच्या बंजारा तांड्यातल्या समाजमंदिराच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर.

आईला सही येते. मीच शिकवली. बारावीच्या सुट्टीत, माझ्या जुन्या वहीत, महिनाभर रोज. कापूस वेचून बोटं चिरलेली, पेन धरवत नसे. सही जमली त्या दिवशी ती वही घेऊन शेजारच्या तीन घरांत दाखवून आली.

आणि आता तिने अंगठा दाबू दिला. पोरीचे सर आहेत म्हणून.

मी यवतमाळला समाजकार्यात एमएसडब्ल्यू करते. आमच्या वर्गाचं ग्रामीण शिबिर होतं. "तुह्याच तांड्यावर जाऊ, लोकं लवकर बोलतीन," सर म्हणाले आणि मी मूर्खासारखी हुरळले. घरोघर जाऊन मीच सांगितलं, माझे सर येणार आहेत, नीट बोला. याच सरांनी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं, प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेचा आदर. मी त्याखाली लाल रेघ मारली होती.

सरांनी अंगठा उठवलेला सर्वेक्षणाचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. "शिक्षणापुढं निरक्षर लिही."

"सर, तिले सही येते."

"लिही म्हटलं ना. तुह्या फील्डवर्कच्या डायरीवर माही सही लागते, मालूम हाये ना?"

आई पदराने अंगठा पुसत हळूच म्हणाली, "राहू दे वं. तुहं वर्ष जाईन."

माझं डोकंच फिरलं. सरांवर राग, त्याहून जास्त स्वतःवर. मी आणलं होतं यांना.

तो फॉर्म फाडला. कोरा घेतला, पेन तिच्यापुढे ठेवलं. कॉलेजच्या मुलांसमोर मी तिला आई म्हणत होते. आता घरी म्हणते तसं म्हणाले, "याडी, सही कर."

तिने एकेक अक्षर जुळवत सही केली. वेळ लागला. तेवढा वेळ सगळे थांबले, सरसुद्धा.

माझी डायरी अजून सरांच्या टेबलावर पडून आहे. सही नाही. मी रोज जाऊन विचारते. माफी मागत नाही. वर्ष गेलं तर पुन्हा बसेन, पण हे काम मी करणारच. जिथे फॉर्म घेऊन बसेन तिथे आधी पेन पुढे करीन. विचारल्याशिवाय कोणाच्या हाताला हात लावणार नाही. आणि माझ्यासमोर कोणी लावला, तर त्याचं मनगट मी धरीन.