खवले मासोळीचे नव्हते

माझ्या कोपरांवरून आणि गुडघ्यांवरून पांढरे पापुद्रे झडतात. रोज अंथरूण झटकताना आई नाक मुरडते आणि केरसुणीच्या टोकाने ते बाहेर लोटते. माझ्या बापाच्या अंगावरही हेच होतं. आरमोरीकडच्या तळ्यावर मासोळी धरून जगणारे आम्ही ढिवर, तेव्हा निदानही तळ्यातूनच निघालं: मासोळीचे खवले काढता काढता ते माणसाला बाधतात. बापामागून मलाही हे उठलं आणि आईची खात्रीच पटली. धाकट्या बहिणीला तिने मासोळीला हात म्हणून लावू दिला नाही. ताटात वाढलेला रस्सा तेवढा तिचा.

शेवटी मीच चंद्रपूरला जाऊन डॉक्टरीणबाईला दाखवलं. आई सोबत होती. बाई म्हणाल्या, हा सोरायसिस. मासोळीचा याच्याशी काही संबंध नाही, शिवून कोणाला लागतही नाही. याची जीन्स घराण्यातून येतात. पण आली म्हणजे रोग होतोच असं नाही. घशाचा आजार, जखम, मनाचा ताण, असं काही निमित्त लागतं. आईबाप दोघांच्याही घरात असला, तर लेकरांना होण्याची शक्यता वाढते.

एवढ्यातून आईने एकच उचललं. बाहेर आल्या आल्या म्हणाली, "रक्ताचं कोणाले सांगू नको. मासोळीचंच राहू दे."

खोटं आहे हे कळल्यावर ते जास्तच जपायचं! मला शिसारी आली.

मग बहिणीला बघायला चिमूरकडचे पाहुणे आले. मला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून मागच्या परसात बसवलं होतं. आई बहिणीला घेऊन मागे आली, तशी मुलाची आईही पाठोपाठ आली. टोपल्यातली एक रोहू तिने बहिणीच्या हातात दिली. "साफ करून दाखव, पोरी."

बहिणीने मेलेला उंदीर धरावा तशी ती चिमटीत धरली आणि विळा डोक्याकडून शेपटीकडे ओढू लागली. खवले निघतात कसले! शेपटीकडून डोक्याकडे जायचं असतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"ढिवराची पोरगी अन् खवले काढता येत नाई? काऊन?"

आई गडबडली. "हिच्या बहिणीले खवले बाधले, म्हून हिले दूर ठेवलं."

मला ते ऐकवेना. मी बाही वर केली आणि म्हणाले, "खवले नाई बाधले. सोरायसिस हाये. बाबालेही होता."

मुलाची आई मागे सरली नाही. तिने पदर सारून मान वळवली. कानामागे माझ्यासारखेच जाड, पांढरे पापुद्रे होते. "पोराच्याही डोक्यात हाये," ती हळूच म्हणाली.

आईचा चेहरा उजळला. "मंग तं बरंच झालं! कोणी कोणाले नाव ठेवणार नाई." झाकली मूठ सव्वा लाखाची, इथे तर दोन मुठी एकमेकींना हसत होत्या. ज्यांना ते भोगायचं, त्या उद्याच्या लेकरांचं नावही कोणी काढलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी बहिणीला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या तसंच. होईलच असं नाही, हेही सांगितलं. ती साबणाने हात धूत होती. मासोळीचा वास जात नव्हता.

"मी नाई करत तिथं लग्न," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. म्हटलं, निदान एक तरी शहाणी निघाली. "पोरगा आवडला नाई का?"

"पोरगा चांगला हाये, ताई." तिने माझ्या कोपराकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. "पण तुह्यासारखं लेकरू झालं, तं त्याले जवळ घ्यायले मले किळस येईल."

शाळेत जाईपर्यंत ही पोरगी माझ्याच कुशीत झोपायची.