आयुधपूजेला पकडलेला चोर

हे माझ्याच तोंडून ऐका. नाहीतर आमची वत्सला तुम्हाला तिखटमीठ लावून सांगणारच आहे, आणि तिच्या सांगण्यात मी आहे त्याहून खुळा दिसतो. घ्या, कॉफी घ्या, निवेल.

तंजावुरात माझं ब्लाउजवर भरतकाम करून द्यायचं दुकान आहे. हातानं नव्हे हो, मशीननं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीनला द्यायची, की मोर, कोयऱ्या, गोपुरं भराभर उमटतात. म्हणजे माझी सारी इस्टेट कुठं? त्या कॉम्प्युटरच्या पोटात! आणि दोन गल्ल्या सोडून कुणाचं दुकान? माझ्या मेहुण्याचं, वत्सलेच्या सख्ख्या भावाचं, सेतुरावाचं. तेही ब्लाउजचंच!

सेतुराव दारात दिसला की मी आधी स्क्रीन बंद करायचो, मग "ये, ये" म्हणायचो. त्याची नजर वाईट, असं नाही. पण नजर आहे ना? तेवढं पुरे.

कॉम्प्युटर सांभाळणारा सेल्वम. त्यानं एक जादा डिस्क जोडून दिली आणि म्हणाला, "सार, सगळ्याची प्रत यात आपोआप जाईल. पण एवढ्यानं भागत नाही. आणखी एक प्रत घराबाहेर ठेवा. आग, पाणी, चोरी, काय सांगता येतं?"

"घराबाहेर म्हणजे कुठं? तुझ्याकडं?"

"कुठंही सार. विश्वासातल्या माणसाकडं."

विश्वासातला माणूस! मी सगळे नातेवाईक मनात चाळले. एकही उरेना. मी स्वतःला धरलं नव्हतं; धरलं असतं तरी जरा विचार केला असता.

"सेरी, सेरी, बघतो," म्हणून मी त्याला वाटेला लावलं. वत्सला शेजारीच ब्लाउजांना हुक लावत बसली होती. ती काहीच बोलली नाही. ती बोलत नाही म्हटल्यावर मला संशय यायला हवा होता, पण एकटा माणूस कुठंकुठं पुरणार?

मग आली आयुधपूजा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावात हत्यारं, अवजारं पुजतात. कात्र्या, शिलाईमशीन, स्कूटर, सगळ्यांना गंधकुंकू. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

त्या वर्षी मला भक्तीचा जरा पूरच आला. कॉम्प्युटर चालू ठेवून स्क्रीनवर सरस्वती लावली. त्याच्या डब्यावर झेंडूचा हार घातला, आणि वर मांडला पाण्यानं भरलेला पितळी कलश, नारळासकट!

दुसऱ्या दिवशी एका नवरीचं ब्लाउज मशीनवर चढवायचं होतं. तिच्या होणाऱ्या सासूनं पुन्हा पुन्हा बदलायला लावून अखेर पसंत केलेली नक्षी होती. लग्न तोंडावर आलेलं. ते ब्लाउज चुकलं असतं तर थेट तिरुवैयारुपर्यंत माझं नाव झालं असतं. कसलं, ते सांगायला नको.

पूजा झाली. मी प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंडल खात बसलो होतो. पाहतो तर डिस्कचा दिवा लुकलुकतोय! कीबोर्डला कुणी शिवलेलं नाही, आज शिवताच येत नाही. मग आत काम कोण करतंय?

"वत्सला, चोर शिरलाय!"

"कुठं? दार तर ओढून घेतलंय मी."

"दारातून नव्हे गं, तारेतून! नक्ष्या नेतोय!"

"अय्यो, ते सेल्वमनं लावलेलं असेल काहीतरी."

"सेल्वमच! मुहूर्त बघ कसा साधला! आज कुणी हात लावणार नाही, हे या गावात कुणाला ठाऊक नाही? सेल्वम आणि तुझा भाऊ, दोघांचं संगनमत आहे!"

"काहीतरीच बोलू नका. आणि हात लावू नका हं, पूजा आहे!"

मी हात लावायचा नाही, आणि चोरानं मात्र लावायचा? मी डिस्कची वायर धरली आणि दिला हिसका. डिस्क आली ती थेट फरशीवर. वायरीत हार अडकला, हाराबरोबर कलश आला. नारळ घरंगळत दारावर जाऊन आपटला आणि पाणी गेलं कॉम्प्युटरच्या पोटात. सरस्वती एकदा थरथरली आणि अंतर्धान पावली. मग धूर निघाला. उदबत्तीचा नव्हे.

"गेला चोर!" मी म्हणालो.

"नक्ष्याही गेल्या," वत्सला म्हणाली.

सेल्वमला फोन केला. तो म्हणाला, "आज नाही जमणार सार. माझे स्क्रूड्रायव्हर पूजेला बसलेत."

सकाळी आला. डबा उघडून पाहिला, डिस्क कानाला लावली, मान हलवली. "दोन्ही गेलं सार. तो दिवा लुकलुकत होता ना, ती तुमचीच प्रत निघत होती. रोज त्याच वेळेला निघते. मीच लावून दिलं होतं."

खोटं नाही सांगत, मला रडू यायचंच बाकी होतं. इतक्या वर्षांचं काम गेलं! आणि त्या पोरीला काय तोंड दाखवू?

वत्सलेनं हात पुसले. "सेतूकडं आहे."

"काय आहे?"

"प्रत. घराबाहेर ठेवायची ना? दर शुक्रवारी देवळात जाताना पेनड्राइव्ह त्याच्याकडं देऊन येते मी."

आता जीव वाचला म्हणून हसावं, की दर शुक्रवारी लुटलो गेलो म्हणून बोंब मारावी? मी तसाच पळत सुटलो. सेतुरावानं पेनड्राइव्ह काढून दिला. त्याच्याच कॉम्प्युटरवर लावून पाहिला. नवरीची नक्षी जशीच्या तशी होती! सुटलो!

पण उंबऱ्यापाशी माझा पाय अडला.

"सेतू, खरं सांग. तू हे उघडून पाहिलंस."

तो ओशाळला. "पाहिलं, भावोजी. पहिल्याच शुक्रवारी पाहिलं. मनात पाप होतं."

"धरला!" मी ओरडलो. "माझा संशय कधी खोटा ठरत नाही! बोल, कायकाय उचललंस?"

सेतुरावानं मान खाली घातली. "काहीच नाही हो, भावोजी. शोधलं मात्र खूप."